वऱ्हाडच्या प्रश्नांसाठी ग्रंथपाल

९ ऑक्टोबर २०२४ रोजी महाराष्ट्रातल्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. त्या दहांत अमरावती, बुलढाणा आणि वाशीम ही तीन नावे होती. यवतमाळला असे महाविद्यालय १९८९ पासून आहे, अकोल्याला २००२ पासून. म्हणजे अमरावती विभागाच्या पाचही जिल्ह्यांत आता शासनाचे वैद्यकीय महाविद्यालय झाले. अमरावती शहरात तर डॉ. पंजाबराव देशमुखांच्या स्मरणार्थ श्री शिवाजी शिक्षण संस्थेने १९८४ मध्येच वैद्यकीय महाविद्यालय उभे केले होते. आजार जरा अवघड निघाला की नागपूरची गाडी धरायची, अशी सवय लागलेल्या या मुलखासाठी ही मोठी घडामोड आहे.

वैद्यकीय महाविद्यालय म्हटले की ग्रंथालय आले, आणि ग्रंथालय म्हटले की ग्रंथपाल आला. खाटा किती, प्राध्यापकांची किती पदे रिकामी, यंत्रे आली की खोक्यातच आहेत, यांच्या बातम्या होतात आणि व्हायलाच हव्यात. ग्रंथपालाने काय करायचे असते, हे मात्र कोणी विचारत नाही. पुस्तके आली की नोंदवही भरायची, विद्यार्थ्याला पुस्तक द्यायचे, परत घ्यायचे, तपासणी पथक आले की कपाटे पुसून ठेवायची, एवढ्यावर त्याचे काम संपते असे सगळ्यांनी धरून टाकले आहे. हे पुस्तक त्या समजुतीच्या विरोधात लिहिले आहे. अमरावती-अकोल्याच्या वैद्यकीय ग्रंथालयांत काम करणारे, आयुर्वेद, दंत आणि परिचर्या महाविद्यालयांत काम करणारे, आणि गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांत बसणारे ग्रंथपाल व सहायक हे त्याचे वाचक आहेत. आरोग्याची खात्रीची माहिती इंटरनेटवर कुठे असते, ती कशी शोधायची, कशी पारखायची आणि विचारणाऱ्याच्या हाती कशी द्यायची, हा त्याचा विषय.

प्रस्तावनेत मला एकच गोष्ट नीट मांडायची आहे. आरोग्याची माहिती आज दुर्मीळ राहिलेली नाही. उलट ती इतकी झाली आहे की गरजू माणूस तिच्यात हरवतो. अडते ते प्रश्न आणि माहिती यांच्यामध्ये उभ्या राहणाऱ्या जाणत्या माणसापाशी. असा माणूस तयार करायचा असेल, तर प्रशिक्षणाची सुरुवात संकेतस्थळांच्या यादीपासून करून चालणार नाही. ती वऱ्हाडच्या प्रश्नांपासून करावी लागेल.

कोणते प्रश्न? पहिला खारपाणपट्ट्याचा घेऊ. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला हा खाऱ्या पाण्याचा पट्टा. विहिरीचे, बोअरचे पाणी तोंडात घेववत नाही, आणि त्या भागातल्या गावांमध्ये किडनीच्या विकारांची चर्चा वर्षानुवर्षे चालू आहे. तिथला एखादा शेतकरी पॅथॉलॉजीचा कागद घेऊन कोणाही शिकलेल्या माणसाला विचारतो, ‘भाऊ, हे क्रिएटिनिन वाढलं म्हंजे काय झालं? आता मशीनवर जा लागते काय?’ डॉक्टरांनी दोन मिनिटांत जे सांगितले ते घाबरलेल्या मनात शिरलेले नसते. घरी मुलाच्या मोबाइलवर तो व्हिडिओ पाहतो. अमुक पाल्याचा रस प्या, तीन आठवड्यांत डायलिसिस सुटेल, असे सांगणारा माणूस तिथे हसतमुखाने बसलेला असतो. त्याला खरी माहिती कुठे मिळणार? क्रिएटिनिन म्हणजे काय, एकाच तपासणीवरून निष्कर्ष का काढू नये, डायलिसिस केव्हा लागते, कोणत्या वेदनाशामक गोळ्या किडनीला घातक ठरू शकतात, हे सगळे साध्या भाषेत लिहिलेले इंटरनेटवर आहे. पण ते बहुतांश इंग्रजीत आहे, आणि शोधणाऱ्याला आधी ‘क्रिएटिनिन’चे स्पेलिंग यावे लागते.

दुसरा प्रश्न फवारणीचा. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. अकोला, अमरावतीतूनही अशा घटना पुढे आल्या. त्या वर्षी कपाशी उंच वाढली होती आणि माणसे डोक्याच्या वर नळी धरून फवारत होती. एका टाकीत दोन-तीन औषधे मिसळलेली असायची. आता डॉक्टरच्या जागी बसून पाहा. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या, म्हणजे मोनोक्रोटोफॉस किंवा प्रोफेनोफॉससारख्या औषधाची बाधा असेल तर ऍट्रोपिन हा ठरलेला उतारा आहे. डायाफेन्थ्युरॉनसारख्या औषधाला ठरावीक उतारा नाही, तिथे लक्षणे पाहूनच उपचार करावे लागतात. रुग्णासोबत आलेला भाऊ सांगतो, ‘निळ्या डब्यातलं औषध होतं’. त्या क्षणी माहिती हाच उपचाराचा पहिला भाग असतो. डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग विषारीपणाची पायरी सांगतो: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. डब्यासोबत घडीपत्रिका असते, तिच्यात लक्षणे आणि उतारा छापलेला असतो. अक्षर इतके बारीक की शेतात कोणी वाचत नाही. दिल्लीच्या एम्समध्ये १९९५ पासून राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, तिथे चोवीस तास फोन करता येतो. जिल्ह्यात विकल्या जाणाऱ्या कीटकनाशकांची व्यापारी नावे, त्यांतले मूळ रसायन आणि त्यावरचा उपचार असा तक्ता दर वर्षी खरिपाच्या आधी महाविद्यालयाच्या ग्रंथपालाने विषशास्त्राच्या प्राध्यापकाकडून तपासून घ्यावा आणि अपघात विभागाच्या भिंतीवर लावावा. त्यासाठी कोणता निधी लागतो? चार दिवसांचे काम आहे. पण ते ‘ग्रंथालयाचे काम’ आहे, असे आधी मनात यायला हवे.

तिसरा प्रश्न सिकलसेलचा. १ जुलै २०२३ पासून देशात सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू आहे आणि विदर्भात तपासण्या त्याच्याही कितीतरी आधीपासून चालू आहेत. आई-बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल सिकलसेलग्रस्त होण्याची शक्यता चारात एक असते. यातला ‘प्रत्येक’ हा शब्द निसटला की घात होतो. ‘चार लेकरांत एकाले होते, आमच्या पहिल्याले झालं, आता बाकीचे बरे निघतीन,’ असे समजून चालणारी घरे आहेत. पत्रकात लिहिलेली माहिती बरोबर होती, ती पोचली चुकीची. म्हणून माहिती देणाऱ्याने समोरच्याला शेवटी विचारावे, ‘तुम्हाला काय समजलं ते मला सांगा बरं.’ या एका वाक्याचा सराव आमच्या प्रशिक्षणात अर्धा दिवस घ्यावा, इतका तो मला महत्त्वाचा वाटतो.

आणि मेळघाट. धारणी-चिखलदऱ्याच्या कोरकू पाड्यांवर तान्ह्या बाळाचे पोट फुगले की तापलेल्या लोखंडाचे चटके देण्याचे, म्हणजे डंब्याचे प्रकार आजही उघडकीला येतात. बातमी येते, गुन्हा दाखल होतो, संताप होतो. पण भुमक्याकडे, म्हणजे पाड्यावरच्या वैदूकडे, जाणाऱ्या आईला तिच्या भाषेत दुसरे काही सांगणारे तिथे कोण पोचले, हा प्रश्न उरतोच. कोरकू ही मराठीच्या कुळातली भाषा नाही. मराठी पत्रक तिथे जवळपास इंग्रजी पत्रकाइतकेच परके. तिथे छापील मजकुरापेक्षा आशाताईच्या मोबाइलवरचा दोन मिनिटांचा कोरकू आवाज जास्त कामाचा. बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी, धारणीजवळ डॉ. आशिष सातव यांच्या ‘महान’ संस्थेने जे काम उभे केले, त्यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. तो अनुभव विभागातल्या प्रत्येक वैद्यकीय ग्रंथालयात एका जागी, मागितला की सापडेल असा ठेवलेला असला पाहिजे.

आता साधनांकडे वळतो. पुस्तकात त्यांची सविस्तर प्रकरणे आहेत, म्हणून इथे फक्त वळणे सांगतो.

वैद्यकीय लेखांची सूची करण्याचे काम अमेरिकेत १८७९ साली जॉन शॉ बिलिंग्ज यांनी ‘इंडेक्स मेडिकस’ या नावाने सुरू केले. पुढे तीच परंपरा संगणकावर गेली, ‘मेडलाइन’ झाली आणि जून १९९७ पासून ‘पबमेड’ या नावाने साऱ्या जगाला फुकट खुली झाली. आज तिथे साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत. एक फरक प्रत्येक सहायकाला पहिल्याच दिवशी कळला पाहिजे: पबमेडमध्ये लेखाची नोंद आणि बहुधा गोषवारा मिळतो, पूर्ण लेख मिळेलच असे नाही. पूर्ण आणि मोफत लेखांचे भांडार म्हणजे ‘पबमेड सेंट्रल’, ते २००० साली सुरू झाले. हा फरक न कळल्यामुळे कितीतरी पीजी विद्यार्थी गोषवारा वाचून प्रबंधात संदर्भ टाकतात. सामान्य वाचकासाठी पबमेड चालवणाऱ्या संस्थेनेच १९९८ मध्ये ‘मेडलाइनप्लस’ काढले, तिथे आजाराची आणि औषधांची माहिती जाहिरातींविना वाचायला मिळते. उपचारांच्या अनेक चाचण्या एकत्र तपासून निष्कर्ष काढणारी ‘कॉक्रेन’ ही संघटना १९९३ ची. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने तिचे ग्रंथालय २००७ मध्ये साऱ्या भारतीयांसाठी खुले करून घेतले होते. परिषदेने आपल्याकडच्या दवाखान्यांसाठी सोप्या तक्त्यांच्या रूपात उपचारपद्धतीही तयार केल्या आहेत. औषधचाचण्यांची भारतीय नोंदवही २००७ पासून आहे. कोणी ‘नवीन औषधाची ट्रायल आहे, सही करा’ म्हणाले, तर ती चाचणी तिथे नोंदलेली आहे का, हे कोणाही नातेवाइकाला पाच मिनिटांत पाहता येते. ग्रंथपालाने फक्त ते दाखवायचे.

सगळ्यांत मोठी बातमी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ची. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली आणि १ जानेवारी २०२५ पासून ती सुरू झाली. तीस प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके सुमारे ६,३०० सरकारी शिक्षण आणि संशोधन संस्थांना, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये खर्चून. एकेका नियतकालिकाच्या वर्गणीसाठी ज्यांनी वर्षानुवर्षे प्रस्ताव पाठवले आणि परत आलेले पाहिले, त्यांनाच या योजनेचे मोल कळेल. तरी दोन गोष्टी बोलल्याच पाहिजेत. पहिला टप्पा सरकारी संस्थांसाठी आहे. म्हणजे एकाच शहरात, एकाच विद्यापीठाची परीक्षा देणाऱ्या दोन विद्यार्थ्यांपैकी सरकारी महाविद्यालयातल्याला दार उघडे आणि संस्थेच्या महाविद्यालयातल्याला बंद. ही दरी सरकारनेच बुजवायला हवी. दुसरी गोष्ट आपल्या हातातली आहे. दार उघडे असून कोणी आत जात नसेल तर सहा हजार कोटींचा उपयोग काय? लॉगिन कसे करायचे हे न कळल्यामुळे, संस्थेची नोंदणी अर्धवट राहिल्यामुळे, ‘तुमच्या नियतकालिकाला इथे प्रवेश आहे’ हे विभागप्रमुखाला कोणी सांगितलेच नाही म्हणून, असे प्रवेश नुसते पडून राहतात. मेडिसिनच्या विभागात जाऊन, त्यांच्या सकाळच्या बैठकीत दहा मिनिटे मागून, भिंतीवर पडदा लावून दाखवणारा ग्रंथपाल लागतो.

ग्रंथपालाने वॉर्डात जावे ही कल्पना नवी नाही. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत गर्ट्रूड लॅम्ब यांनी वैद्यकीय ग्रंथपालांना डॉक्टरांच्या राउंडमध्ये सामील करून घेतले. खाटेजवळ प्रश्न निघायचा, ग्रंथपाल तो टिपून घ्यायचे आणि लेख शोधून आणून द्यायचे. अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात किंवा अमरावतीच्या इर्विन आणि डफरीन रुग्णालयांत हे का होऊ नये, याचे उत्तर मला आजवर सापडलेले नाही. पदे कमी आहेत, हे खरे. पण आठवड्यातून एक राउंड, एका युनिटबरोबर, एवढे तर एका माणसालाही जमते.

शोधण्यात कसर राहिली तर काय होते, याचे उदाहरण प्रत्येक वैद्यकीय ग्रंथपालाला ठाऊक असावे. २००१ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दम्याच्या अभ्यासासाठी एलेन रोश ही २४ वर्षांची निरोगी तरुणी स्वयंसेवक म्हणून आली. तिला हेक्झामेथोनियम हे औषध श्वासावाटे दिले गेले. फुप्फुसे निकामी होऊन २ जूनला ती गेली. संशोधकांनी आधी पबमेड पाहिले होते, पण त्यावेळी त्यातल्या नोंदी १९६६ पासूनच्या होत्या. या औषधाने फुप्फुसांना इजा होते असे सांगणारे लेख १९५० च्या दशकातले होते. ते छापील सूच्यांत होते, ग्रंथालयातच होते. संगणकावर दिसले नाही म्हणजे नाहीच, हे गृहीत धरणे किती महाग पडू शकते! आपल्याकडे याच्या उलट बाजूचे उदाहरण हळदीचे आहे. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले. आजीबाईचा बटवा पेटंट कार्यालयात पुरावा ठरत नाही. तिथे छापील संदर्भ लागतात. परिषदेने असे ३२ संदर्भ सादर केले. त्यांत जुने संस्कृत ग्रंथ होते आणि १९५३ चा भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला एक लेखही. १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले. आयुर्वेद महाविद्यालयाच्या ग्रंथपालांनी ही हकिगत नव्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावी.

शोधण्याइतकेच पारखणे महत्त्वाचे. २२ मे २०२० रोजी ‘लॅन्सेट’सारख्या नामांकित नियतकालिकात हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवरचा एक मोठा अभ्यास आला, आणि ४ जूनला तो मागे घेतला गेला, ज्या आकडेवारीवर तो उभा होता तिची खातरजमा होऊ शकली नाही. लेख अजूनही सापडतो, पण त्यावर ‘मागे घेतला’ असा शिक्का आहे. तो शिक्का पाहण्याची सवय लावावी लागते. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकेही आज आहेत आणि पदोन्नतीच्या घाईत आपल्याकडचे अनेक जण त्यांच्या जाळ्यात सापडतात. त्यात आता कृत्रिम बुद्धिमत्तेचे चॅटबॉट आले. ते अस्खलित उत्तर देतात, खाली संदर्भही देतात, आणि त्यांतले काही संदर्भ अस्तित्वातच नसतात. लेखकाचे नाव खरे, नियतकालिक खरे, वर्ष बरोबर वाटणारे, आणि लेख मात्र कधी लिहिलाच गेलेला नाही. काउंटरवर असा संदर्भ घेऊन कोणी आले तर ‘आमच्याकडे नाही’ म्हणून परत पाठवू नका. पबमेडमध्ये शीर्षक टाका, नोंदीचा क्रमांक पाहा, तिथे नसेल तर त्या नियतकालिकाचा त्या वर्षाचा अंकही पाहा, आणि तिथेही नसेल तर ‘हा लेखच नाही’ असे स्पष्ट सांगा.

माहितीवर तारीख असते, हे अमरावतीने सगळ्या महाराष्ट्राआधी अनुभवले. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती आणि अकोल्यात कोविडचे रुग्ण झपाट्याने वाढले, २२ फेब्रुवारीपासून अमरावतीत पुन्हा टाळेबंदी लागली. विषाणू बदलला आहे का, परदेशातून आला का, टीव्हीवाले सांगतात ते खरे का, असे शेकडो प्रश्न एकदम उठले. परदेशी प्रकार आढळलेला नाही, असे सरकारी खुलासे त्या वेळी निघाले. विषाणूच्या ज्या प्रकाराची दुसरी लाट देशभर गेली, त्याला जागतिक आरोग्य संघटनेने ‘डेल्टा’ हे नाव दिले ते ३१ मे रोजी. त्या तीन महिन्यांत कोणाला काय माहीत होते आणि काय नव्हते, हे तारखेनिशी लावून ठेवले तर उत्तम प्रशिक्षण होईल. ‘आज एवढेच माहीत आहे, पुढच्या आठवड्यात पुन्हा पाहू’ असे म्हणता येणे ही मोठी कमाई आहे. लोकांना ते कळते. खोटी खात्री दिली तर पुढच्या वेळी ते विश्वास ठेवत नाहीत.

रुग्णासाठी ग्रंथालय उघडणे आपल्या राज्यात कोणी केलेच नाही असे नाही. मुंबईत डॉ. अनिरुद्ध मालपाणी यांनी १९९७ मध्ये ‘हेल्प’ नावाचे लोकांसाठीचे मोफत आरोग्य ग्रंथालय सुरू केले. मराठीत डॉ. श्याम अष्टेकरांनी ‘भारतवैद्यक’सारखे पुस्तक लिहून गावपातळीवरच्या कार्यकर्त्याला वैद्यकशास्त्र समजेल अशा भाषेत दिले. आणि विदर्भातून जगाला गेलेली माहिती थोडी नाही. गडचिरोलीच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचा ग्रामीण स्त्रियांच्या आजारांवरचा लेख १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला, आणि घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेऊन मृत्यू किती रोखता येतात हे दाखवणारा १९९९ मध्ये, पुढे देशभरच्या आशाताई त्याच धर्तीवर काम करू लागल्या. नागपूरला शिकलेले डॉ. हिंमतराव बावस्कर महाडच्या परिसरात विंचूदंशावर काम करत राहिले आणि त्यांचे लेख जगभर वाचले गेले. आपल्या मातीतले हे संशोधन इंग्रजी नियतकालिकांत आहे. त्याचा मराठी गोषवारा आपल्याच जिल्ह्यातल्या आशाताईला, परिचारिकेला, गावच्या डॉक्टरला मिळत नाही, ही मला सर्वांत बोचणारी उणीव वाटते. ती भरून काढण्यासाठी दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही.

आता मर्यादा. ग्रंथपाल डॉक्टर नाही, आणि त्याने तसे वागू नये. ‘ही गोळी घ्या’, ‘ती बंद करा’, ‘तुम्हाला हाच आजार आहे’ ही वाक्ये त्याच्या तोंडी कधीही येता कामा नयेत. तो माहिती देईल, ती कुठून आली ते सांगेल, आणि डॉक्टरांना काय विचारायचे याची यादी करायला मदत करेल. विचारणाऱ्याचे नाव, आजार, रिपोर्ट या गोष्टी टेबलावरच राहतील. गावात एचआयव्ही, क्षय, वांझपण, मानसिक आजार यांविषयी विचारायला माणूस किती धीर करून येतो, हे आठवा. शेजारी कोणी उभे असेल तर त्याला बाजूला घेऊन बोलावे. आणि काही प्रश्नांना शोध घेत बसण्याची वेळ नसते. साप चावला, छातीत कळ आली, फवारणीनंतर उलट्या होऊन तोंडाला फेस आला, तर संगणक बाजूला ठेवून १०८ ला फोन करायचा.

प्रश्न विचारण्याची कला या भूमीला शिकवावी लागू नये. गाडगेबाबांचे कीर्तन प्रश्नांनी चालायचे. बाबा विचारत आणि समोरची माणसे उत्तर देत. त्यांच्या नावाच्या अमरावती विद्यापीठात ग्रंथालयशास्त्र शिकवले जाते, ही मला चांगली खूण वाटते. ग्रंथपालाचे संवादकौशल्य याहून वेगळे काय असते? कोणासाठी विचारता आहात? डॉक्टर काय म्हणाले? नेमके काय जाणून घ्यायचे आहे? इंग्रजी चालेल की मराठी? वाचून दाखवू का? एवढे पाच प्रश्न विचारले की निम्मा शोध झालेला असतो.

प्रशिक्षण कसे असावे, याबद्दल माझे मत ठाम आहे. एका दिवसाचे शिबिर, प्रमाणपत्र, फोटो आणि जेवण, यातून काही साधत नाही. ग्रंथालयशास्त्राच्या पदवीत वैद्यकीय माहिती ओझरती येते. नोकरीला लागल्यावर शिकण्याची सोय त्याहून कमी. १९८१ पासून काम करणारी भारतीय वैद्यकीय ग्रंथालय संघटना आहे, नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, पण वऱ्हाडातल्या सहायकाला तिथवर जायला रजा आणि प्रवासखर्च मिळेलच असे नाही. अमेरिकेत १९६५ च्या कायद्याने प्रादेशिक वैद्यकीय ग्रंथालयांचे जाळे उभे राहिले, आणि आज ते सार्वजनिक वाचनालयांतल्या लोकांनाही आरोग्यमाहितीचे शिक्षण देते. आपल्याकडे पाच जिल्ह्यांत पाच शासकीय महाविद्यालये आहेत, जोडीला संस्थांची महाविद्यालये आहेत, प्रत्येक जिल्ह्याला शासकीय जिल्हा ग्रंथालय आहे, अकोल्याचे बाबूजी देशमुख वाचनालय आणि अमरावतीचे नगर वाचनालय यांसारख्या जुन्या संस्था आहेत. यांची साखळी जुळवायला नवी इमारत लागत नाही. महिन्यातून एक दुपार, एक खरा प्रश्न, आणि तो सगळ्यांनी मिळून शोधायचा. वैद्यकाचा एक प्राध्यापक उत्तर तपासायला. वर्षभर एवढे झाले तर बारा उत्तरे मराठीत तयार होतील आणि ती शोधणारी माणसेही तयार होतील.

वाचकांना एक विनंती. या पुस्तकातली संकेतस्थळे बदलतील, काही बंदही पडतील. त्यांच्यावर विसंबू नका, शोधण्याच्या पद्धतीवर विसंबा. आणि वाचायला सुरुवात करण्याआधी आपल्या काउंटरवर एक कोरी वही ठेवा. कोणाचेही नाव न लिहिता, आरोग्याबद्दल आलेला प्रत्येक प्रश्न विचारणाऱ्याच्याच शब्दांत तीत लिहा, आणि खाली तुम्ही काय उत्तर दिले, कुठून दिले, हेही लिहा. उत्तर मिळाले नसेल तर तसे लिहा. महिन्याअखेर ती पाने शेजारच्या जिल्ह्यातल्या ग्रंथपालाला पाठवा. या पुस्तकाची दुसरी आवृत्ती त्या वह्यांवरून काढायची आहे.